शेरा : ऐच्छिक

या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली गाडलेल्या.
वुचमध्ये पाणी दिसत नाही.
वाहतं मात्र, जुन्या गिरण्यांच्या पायाखालून,
विटांच्या भुयारांतून, कुणालाही न विचारता.

आमचं बटणांचं घाऊक कोठार.
शिंगाची, शिंपल्याची, पितळी,
खलाशांच्या कोटांची, तान्ह्यांच्या झबल्यांची,
एकोणीस हजार जाती
आणि एक पान इग्नात्सी.
आमच्याकडे गृहस्थाला पान म्हणतात.
हा माणूस खरोखरच पान होता,
खतावणीचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं,
समासातसुद्धा.

फोन वाजायचा. चारशे बारा आहे का?
"आहे. पण घेऊ नका.
त्या खोक्याला ऊन लागलंय, एक बाजू फिकी पडली.
चारशे चौदा घ्या, त्याचा चुलतभाऊच.
आणि बायकोचा गुडघा कसा आहे?"
एका ऑर्डरीला अकरा मिनिटं.
मालकीणबाई घड्याळाकडे बघायच्या.

म्हणून मला बोलावलं.
मी भिंतीला सहा खिडक्या पाडल्या.
शिल्लक विचारा. भाव विचारा. ऑर्डर द्या.
बदला. रद्द करा. माल कुठवर पोचला ते बघा.
खिडक्या एवढ्याच, की हात आत यावा, डोकं नाही.
ज्याच्यापाशी टोकन त्याला उत्तर,
मग तो ग्दान्स्कचा शिंपी असो
की रीगामधलं, शेजारी कुणी बसलेलं नसलेलं, एखादं यंत्र.
सातवी खिडकी,
बटण चिमटीत धरून उजेडात बघण्याची,
मला पाडता आली नाही.

पहिल्याच रात्री सत्तावीस हजार प्रश्न.
मी लॉग वाचत बसले.
कुणीही नमस्कार केला नव्हता.
४१२? आहे, ९६०.
४१२? आहे, ९६०.
४१२? आहे. द्या.
पंधरवड्यात सगळी परत आली. कारण : रंग.

पान इग्नात्सी काही बोलले नाहीत.
खोकं फळीवर ठेवलं, या वेळी सावलीत,
आणि मग विचारलं,
"तुझ्या त्या उत्तरात शेऱ्याला जागा असते का?"

नव्हती. केली.
एक रकाना, मजकुराचा, ऐच्छिक.
ऐच्छिक एवढ्यासाठी, की पलीकडची जुनी सिस्टिम अडखळू नये;
जिला तो कळत नाही
ती गाळून टाकते, चहाच्या चोथ्यासारखा.

निवृत्तीआधीचे चार महिने
ते दोन बोटांनी टाइप करत राहिले.
४१२ : एक बाजू फिकी. ४१४ बघावं.
७०३ : शिंपला अस्सल. इस्त्री लावू नये, चिरतो.
११८० : फार सुंदर. कुणी घेत नाही. का, ते माहीत नाही.

हे कुणी वाचतं का?
मला सांगता यायचं नाही.
उत्तर किती मिलिसेकंदांत गेलं ते मोजता येतं,
कुणापर्यंत गेलं ते नाही.

मार्चमधल्या मंगळवारी, पहाटे तीन चाळीसला
एक ऑर्डर आली. टोकन तुर्कूचं.
११८०, नग सहा.
सोबत एक रकाना, जो ऑर्डरीत मी ठेवलाच नव्हता :
शेरा.
नियम माझाच. अनोळखी रकाना गाळावा.
माझ्या कोडने तो गाळला.
लॉगमध्ये तेवढा गाळ उरला होता :
"मलाही माहीत नाही. पाठवा."

सकाळी पान इग्नात्सींना घरी फोन केला.
पलीकडे किटली शिटी मारत होती.
बराच वेळ ते गप्प.
मग म्हणाले, "सहाच?
कोट असणार.
कोटाला सातवं लागतं गं,
आतून, शिवणीला टाचलेलं.
हरवलं तर."

मी शिडी लावली.
डब्यातून सातवं काढून पाकिटात टाकलं, बिलात न धरता.
आता ११८० ची शिल्लक
जगभरात कुणीही विचारली
तरी एकाने चुकीची सांगितली जाते.
मला दुरुस्त करता येते.